एकोणिसाव्या कलमापुढची खूण

रविवार, ११ मार्च २००७. सकाळी साडेदहा. कर्वेनगर, वडिलांचा फ्लॅट, दुसरा मजला. उपस्थित मंडळी, मुलाकडून: मुलाची आई, मुलाचे काका, मुलगा. मुलीकडून: मुलीचे वडील, मुलीचे मामा, मुलीची मोठी बहीण. लेखनिक: मुलीची मोठी बहीण.

हे मी आठवणीतून लिहीत नाही. कागद समोर आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या याद्यांचा हा कागद. चारही कोपऱ्यांना लावलेलं कुंकू आता तपकिरी झालं आहे. लग्न ठरलं की दोन्हीकडची मोठी माणसं एकत्र बसतात, कोणी काय आणायचं आणि कोणी काय करायचं ते कलमवार लिहून काढतात, खाली सह्या करतात आणि पेढे वाटतात. याला याद्या करणं म्हणतात. कागदाच्या दोन प्रती, मध्ये कार्बन. आमच्या नात्यात कोणाच्याही याद्या असल्या की लिहायला मला बोलावणं यायचं. अक्षर बरं होतं, आणि माझ्या हातून काही राहत नाही असा लौकिक होता. लौकिकाचा त्रास असा की तो सांभाळावा लागतो.

उपस्थितांत माझ्या बहिणीचं नाव नाही. ती घरातच होती, स्वयंपाकघरात. पण याद्यांच्या कागदावर मुलीचं नाव उपस्थितांत घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ओट्यासमोरच्या फरशीवर मी तिच्यासाठी एक चिठ्ठी चिकटवून ठेवली होती: कप सात, मोजून, गाळणं डाव्या हाताला, चहा ओतला की गॅस बंद. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती, आणि वडिलांना निवृत्त होताना जेवढा पगार होता त्याहून जास्त मिळवत होती. तरीही ती चिठ्ठी लागायची. ती लागते याची लाज तिला वाटत नव्हती. मला वाटायची.

आई गेली तेव्हा बहीण आठवीत होती आणि मी नोकरीला लागलेली. तेव्हापासून तिच्या दिवसाची यादी मी करत आले. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, छत्री. छत्र्या तर एका पावसाळ्यात तीन हरवायच्या. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी तोच शेरा: हुशार आहे, लक्ष नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे तिच्यासाठी एक शब्द असायचा. धांदरट, वेंधळी, बेजबाबदार. लाडात असेल तर विसरभोळी. एकदा दूध गॅसवर ठेवून ती गच्चीत पुस्तक वाचत बसली आणि पातेलं जळून काळं झालं, तेव्हा वडील म्हणाले, "येरवड्याला नेऊन ठेवू का तुला?" पुण्यात हे उठता-बसता म्हणतात. येरवड्याला तुरुंग आहे आणि वेड्यांचं इस्पितळही आहे, आणि यातलं कुठलं म्हणायचं आहे ते कोणाला विचारावं लागत नाही. सगळे हसले. तीही हसली. मी पातेलं घासलं.

तिची आणि माझी एक रीत होती. काम झालं की मी वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची आणि ती ते पाहायची. परीक्षेचा फॉर्म भरला का, हॉलतिकीट पिशवीत आहे का, हे स्वतःला आठवून तिला कधी खात्री वाटायची नाही. खूण दिसली की ती निर्धास्त व्हायची. "ताई, खूण आहे ना? मग झालं." घरात देवापेक्षा जास्त विश्वास तिचा त्या खुणेवर होता.

तिच्या आजाराला नाव आहे हे आम्हाला २००६ साली कळलं. आम्हाला म्हणजे आधी तिला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिने कुठेतरी काही वाचलं, एका शनिवारी एकटी डॉक्टरांकडे गेली, मग आणखी दोन शनिवार गेली, आणि चौथ्या शनिवारी मी मटार सोलत होते तेव्हा शेजारी येऊन बसली.

"ताई, मला एडीएचडी आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी आळशी नाहीये." एवढं बोलून तिला रडू आलं. रडता रडता ती सोललेले दाणे सालींच्या ताटात टाकत होती.

पुढे तिने नीट समजावून सांगितलं. लक्ष नसतं असं नाही, लक्ष कुठे द्यायचं ते हातात राहत नाही. लहानपणापासून असतं, मोठेपणी जातंच असं नाही. गोळी आहे, तिने फरक पडतो. डॉक्टर म्हणाले होते की इतकी वर्षं सांभाळून नेलंत, तुमच्या घरी कोणीतरी व्यवस्थित माणूस असणार. हे ती मला आनंदाने सांगत होती. मी विचारलं ते एवढंच: "हे तू सगळ्यांना सांगत सुटणार आहेस का?"

वडिलांनी पेपर खाली न करता निकाल दिला. "अभ्यास न करण्याला आता इंग्रजी नाव निघालं. चांगलं आहे."

पण गोळीने फरक पडला, तो आम्ही दोघांनी पाहिला. दोन महिने छत्री टिकली. ऑफिसातून वेळेवर फोन यायला लागले. एकदा ती जेवायला बसली आणि जेवण संपेपर्यंत एकदाही उठली नाही, तेव्हा वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं. तरीही गोळ्या आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून घेत नसू, कारण तो दुकानदार वडिलांना सकाळच्या फिरण्यात भेटायचा. दर महिन्याला मी स्वारगेटच्या बाजूला जाऊन आणायचे. तिथला माणूस चिठ्ठी वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग पुन्हा चिठ्ठी वाचायचा. "माझ्यासाठी नाही," असं मी एकदा न विचारता सांगितलं. बाहेर आल्यावर स्वतःचा राग आला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच सांगितलं.

मग स्थळ आलं. मुलगाही कंपनीतला, शांत. घर मूळचं अमरावतीकडचं, वडील गेल्यावर आई आणि मुलगा पुण्यात काकांच्या शेजारी येऊन राहिलेले. दुसऱ्याच भेटीत बहिणीने मुलाला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "माझी काही हरकत नाही. पण आईला लग्नाआधी कळायला हवं. आणि ते तुमच्याकडच्या मोठ्या माणसाने सांगितलं तर बरं. तिला मोठ्यांनी मोठ्यांशी बोललेलं पटतं."

मोठं माणूस म्हणजे मी. वडील बोलणार नाहीत हे दोघींनाही माहीत होतं.

"याद्यांच्या दिवशी बोल," बहीण म्हणाली. "पक्क्या कागदावर नको लिहूस हवं तर. पण बोल. मला त्या घरात गोळी लपवून खायची नाहीये ताई. एवढं एकच मागते मी, बाकी साड्या-बिड्या तुला वाटतील त्या घे."

मी कच्च्या वहीत कलमं काढली होती. मुहूर्त, कार्यालय, मांडव, आहेर, वाढपी, रुखवत असं करत अठरा. एकोणिसावं लिहिलं: औषधाबद्दल मुलाच्या आईशी बोलणे. तिने वाचलं, त्याखाली ठळक दोन रेघा मारल्या आणि कप मोजायला गेली.

बैठक छान चालली होती. मुलाच्या आईंना आमच्या या लिहिण्याची गंमत वाटत होती. "आमच्याकडे असं सगळं लिहून नाही घेत नं. बोललं म्हणजे झालं. तुमच्या पुण्यात चमचेबी कागदावर?"

"चमचे तर आधी," मामा म्हणाले. "लग्न मोडतं ते चमच्यांवरूनच."

"मग लिहा बाई. बारा लिहा."

मी लिहिलं. सातवं कलम, वाढायचे चमचे, बारा, मुलीकडून. बाईंचा स्वभाव मला आवडला. मनातल्या मनात वाक्य जुळवत होते: तुम्हाला एक सांगायचं आहे, काळजीचं काही नाही. अठरावं कलम झालं. तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली, काकांनी कप उचलला आणि ती आत गेल्यावर म्हणाले, "मुलगी चुणचुणीत आहे. नाहीतर हल्ली काय काय गळ्यात पडतं! आमच्या ओळखीत एकाने सून आणली. सहा महिन्यांनी कळलं, रोज गोळी खाते. डोक्याची. मग काय, येरवड्याच्या खेपा. सासऱ्याने त्यासाठी नवी स्कूटर घेतली."

मामा हसले. वडील पंख्याकडे बघत होते. मुलगा बशीत पाहत होता. त्याची आई म्हणाली, "असं नका बोलू भाऊजी, कोणाच्या घरचं," पण तीही थोडी हसली. मला तिचं ते थोडं हसणंच दिसलं.

"झालं ना?" काकांनी विचारलं. "का अजून काही आहे?"

"झालं," मी म्हणाले.

दोन्ही प्रतींवर सह्या झाल्या. कोपऱ्यांना कुंकू लावलं. पेढे निघाले. आणि मी मांडीवरच्या कच्च्या वहीत एकापासून अठरापर्यंत खुणा करत खाली आले आणि एकोणिसापुढेही खूण केली. हात थांबला नाही. उद्या फोन करू, बोलू, मग ही खूण खरी होईल, असा हिशेब मनात होता. आधी खूण आणि मग काम असं मी आयुष्यात त्या एकदाच केलं.

पाहुणे गेल्यावर बहीण ओल्या हातांनी आली आणि वही घेतली. बोट खाली खाली आणत एकोणिसावर थांबली.

"बोललीस?"

मी कप गोळा करत होते. "खूण आहे ना?"

"काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या."

तिने मला मागून मिठी मारली. एक कप पडून फुटला. "शकुन झाला," वडील म्हणाले.

लग्न मेच्या अखेरीला होतं. मध्ये अडीच महिने होते, आणि अडीच महिन्यांत फोन करायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. मार्केट यार्डात जाऊन नारळ निवडायला वेळ मिळाला. फुलवाल्याशी दोनदा भांडायला मिळाला. एकदा फोन लावलाही. मुलाच्या आई इतक्या प्रेमाने बोलल्या: "तुमची बहीण मोकळी आहे हो, मनात काही ठेवत नाही. मला अशीच पाहिजे होती." मी ब्लाऊजपिसांचं विचारून फोन ठेवला. वहीत त्या कामापुढे काहीच लिहायचं नव्हतं, कारण वहीप्रमाणे ते झालेलं होतं.

लग्नानंतर सहाव्या दिवशी बहिणीने नाश्त्याच्या टेबलावर, सासूसमोर, गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. पुढचं तिनेच मला सांगितलं.

"कशाची गं?"

"तीच, आई. ताईने सांगितली ना, ती."

"काय सांगितलं ताईने?"

त्या रविवारी सासूबाई, काका आणि बहीण आमच्याकडे आले. जावई आला नाही, कंपनीने त्याला दोन दिवसांसाठी चेन्नईला पाठवलं होतं. सासूबाईंनी पर्समधून त्यांची याद्यांची प्रत काढून टीपॉयवर उलगडली.

"सात नंबर. चमचे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्त भीती वाटली. "बारा. तेबी लिहिले. मग हे काहून नाही लिहिलं?"

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "आम्हालाच माहीत नव्हतं हो. मुली हल्ली परस्पर डॉक्टरकडे जातात. कमावत्या आहेत, कोणाला विचारतात?"

"बाबा?" बहीण म्हणाली. मग सासूकडे वळून, अगदी साधेपणाने, "आई, ताईने सांगितलंय तुम्हाला. याद्यांच्या दिवशी. एकोणीस नंबर."

"याच्यात अठराच आहेत."

"कच्च्या वहीत आहे. ताई, दाखव ना. खूण पण आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही कपाटात होती, दोन पावलांवर. मी म्हणाले, "त्या दिवशी इतकी गडबड होती..." आणि थांबले. वाक्य पुरं करायला मला काकांनी मदत केली.

"अहो, तिला कुठे आठवणार? हाच तर आजार ना तिचा? काय झालं, काय नाही, तिचं तिलाच कळत नसेल बिचारीला. ताईंनी सांगितलं असतं तर कागदावर नसतं होय? ताईंचं काम चोख."

माझं काम चोख होतं म्हणून माझ्या अर्ध्या वाक्याला तिच्या पूर्ण वाक्याहून जास्त वजन आलं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजार असतो माणसाला, मी समजू शकते. माझ्या भावाला फिट यायच्या. पण खोटं नको बोलू माझ्याशी."

बहीण सासूकडे वळली नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, काहीतरी मोजल्यासारखी.

मी पाणी आणायला आत गेले तर ती मागे आली. नळ सोडून ठेवला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. हे तिला सुचलं याचं मला त्याही वेळी आश्चर्य वाटलं.

"तू बोलली नव्हतीस."

"नव्हते."

"पण खूण होती ताई."

"होती." मग मला जे विचारायचा काही अधिकार नव्हता ते मी विचारलं. "वही कुठे असते तुला माहीत आहे. तूच का नाही आणलीस?"

"आणून काय? तू खोटी पडली असतीस. तुला ते जमलं नसतं." तिने नळ बंद केला. "मला सवय आहे. फक्त त्यांना सांग कधीतरी. मी विसरले नव्हते आणि खोटं बोलले नव्हते, एवढंच. आज नको. पण सांग."

त्या रात्री झोपण्याआधी मी नव्या पानावर ते काम लिहिलं.

सासूबाईंनी तिला परत पाठवलं नाही. हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून लिहिते. त्यांनी तिला जेवूखाऊ घातलं, आजारपणात केलं, माहेरच्यांबद्दल बाहेर कुठे बोलल्या नाहीत. फक्त तिच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवला नाही. गॅसवाला येऊन गेला असं ती म्हणाली तर त्या शेजारी विचारून यायच्या. घराची किल्ली तिला मिळायला दोन वर्षं लागली. काही सांगायला गेली की, "लिहून ठेव, तुझ्या बोलण्यावर नको." घरात काही सांडलं-लवंडलं, ते मांजराने सांडलं असलं तरी, काका दारातून विचारायचे, "आज गोळी राहिली वाटतं?" आणि गोळी खरोखरच राहायला लागली. तिने ती घरात घेणं बंद केलं. पेपरमिंटच्या डबीत घालून ऑफिसात नेऊ लागली, तिथे बाथरूममध्ये घ्यायची. जे नको म्हणून तिने मला एकच गोष्ट मागितली होती, ते.

ऑफिसातही तिने एकदा धीर केला. तिथे तिला मान होता. कोणी जिथे क्लिक करणार नाही तिथे ही करायची आणि चुका सापडायच्या. क्रमाने काही करता येत नाही याचा पहिल्यांदा उपयोग होत होता. जाण्यायेण्याच्या वाटेवरची जागा बदलून कोपऱ्यातली मिळावी म्हणून तिने वरिष्ठाला कारण सांगितलं. जागा मिळाली. त्यानंतर तिने सांगितलेली प्रत्येक चूक दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतली जाऊ लागली. "वाईट बोलत नाहीत गं," ती मला म्हणाली. "फार हळू बोलतात. लहान मुलाशी बोलतात तसं." वर्षभरात तिने कंपनी बदलली, आणि नव्या ठिकाणी कारण न सांगता दारापाशी बसली.

मी काय करत होते? दरवर्षी डिसेंबरात नवी डायरी आणते. जुन्या डायरीतली राहिलेली कामं नव्या डायरीच्या पहिल्या पानावर उतरवते. विम्याचे हप्ते, भिंतीची ओल, वडिलांचा मोतीबिंदू. ओल निघाली, मोतीबिंदू निघाला, मग एके दिवशी वडील गेले. एक काम तेवढं उतरत राहिलं. नंबर कुठलाही आला तरी मी त्याच्यापुढे कंसात एकोणीस लिहिते.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तर काका बसलेले होते. एकदा फोनवर सुरुवात केली, "त्या याद्यांच्या दिवशी..." तर बाई म्हणाल्या, "जाऊ द्या नं आता, तुमचा काय दोष त्यात? तुम्ही तरी काय करणार, तिने तुमच्यापासूनबी लपवलं." इतक्या मायेने म्हणाल्या की मी त्या मायेखाली दबून गेले. जावयाला बहिणीने खरं काय ते केव्हाच सांगितलं आहे. त्याचा तिच्यावर विश्वास आहे. "आता उकरून काय मिळणार?" असं त्याचं मत. माणूस चांगला आहे, पण गोळी पेपरमिंटच्या डबीतून कोणाला खावी लागली ते त्याच्या लक्षात येत नाही.

काका गेले. ती दोघं आणि सासूबाई आता खराडीला मोठ्या फ्लॅटमध्ये राहतात. बहीण चौदा माणसांच्या टीमची प्रमुख आहे. तिची गोळी आता स्वयंपाकघरातल्या खिडकीत उघड्यावर असते, कारण घर तिचं आहे आणि ती आता कोणाला विचारत नाही. पण सासूबाईंच्या मनात ती अजूनही त्या रविवारी जी होती तीच आहे.

गेल्या वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बोलणं ठीक आहे, एक हात जरा कापतो. दिवसाला आठ गोळ्या आहेत. सात खणांची डबी बहीण दर शनिवारी संध्याकाळी भरते. मोबाइलवर तीन गजर लावून आणि खिडकीला चिठ्ठी चिकटवून भरते. मी मागच्या शनिवारी गेले होते, ठरवून, पर्समध्ये कच्ची वही घेऊन. २००७ची. आज बोलायचंच असं रिक्षात स्वतःला दोनदा सांगितलं होतं.

बाई पलंगावर बसल्या होत्या. मला पाहून चेहरा खुलला. इकडचं तिकडचं झालं. बहीण डबी भरून घेऊन आली तशी बाईंनी ती हातात घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"तुम्ही एकदा बघून घ्या बाई. ही भरते, मेहनत करते, मी नाही म्हणत नाही. पण हिचं काही सांगता येत नाही नं."

बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने भुवया थोड्या वर केल्या, एवढंच.

मी डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि एकेक खण उघडून तपासला. छप्पन्न गोळ्या. मला वाटत होतं एखादी चूक निघावी, म्हणजे निदान बोलण्यात काही वेळ जाईल. एकही चूक नव्हती.

"सगळं बरोबर आहे," मी म्हणाले.

"तुम्ही म्हणता म्हणजे असेलच," बाई म्हणाल्या आणि डबी उशाशी ठेवली.

त्या वाक्यानंतर बोलायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. पर्स मांडीवर होती, वही पर्समध्ये. मी चेन उघडली. रुमाल काढला. बाईंनी विचारलं, घामेजल्या का, पंखा वाढवू का. बहिणीने पंखा वाढवला. मग त्यांना झोप यायला लागली.

लिफ्टपर्यंत सोडायला बहीण आली. तिचे केस आता माझ्याहून जास्त पिकले आहेत.

"वही आणली होतीस," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"पर्स पोटाशी धरून बसली होतीस." लिफ्ट आली. तिने दार हाताने अडवून धरलं. "ताई, त्यांची तब्येत बघते आहेस ना? डॉक्टर म्हणतात दुसरा झटका आला तर त्यांना माणसं ओळखू येतील न येतील."

"बघते आहे."

"मग तू ठरव. मी आठवण करणार नाही. आठवण करणं हे आपल्या घरात तुझं काम आहे." आणि ती हसली. तिला अजून हसता येतं हे मला खरं तर समजत नाही.

आज सोमवार. या आठवड्याची कामं सकाळीच लिहून झाली. गिरणीवर दळण. सोसायटीचं पत्र. माझे दात. गुरुवारी दुपारी दोन ते चार बहीण ऑफिसात असते आणि बाई जाग्या असतात, तेव्हा खराडी. चौथं काम म्हणून लिहिलंय: सासूबाईंना सांगणे, ती विसरली नव्हती, खूण मी खोटी केली होती. कंसात एकोणीस. दळण झालं, त्याच्यापुढे खूण केली. बाकीची तीन राहिली आहेत.